रकाना चौथा

रायबंदरहून सकाळच्या फेरीत
एकवीस मुलं उतरली चोडणच्या धक्क्यावर,
नाकांवर पांढरं मलम, हातात क्लिपबोर्ड,
मानवी भूगोल शिकायला
एवढे समुद्र ओलांडून आलेली.
मी दुभाषी. तीन दिवसांचा.
एरवी मराठी शाळेत चारही वर्ग एका खोलीत,
पटावर अकरा.
आमची सहल यंदा बोंडल्याला गेली.
मगर झोपलेली होती.

पहिला दिवस बांधावर.
डावीकडे खारं पाणी, उजवीकडे पिकलेलं कोरगुट,
मधून आम्ही, एकामागे एक.
बांधाच्या पोटातलं लाकडी दार दाखवून
बेथनी नावाच्या मुलीनं विचारलं, हे काय?
मानस, मी म्हटलं.
तिनं वहीचं मागचं पान उलटलं.
विमानात पाठ केलेल्या यादीत माणूस होता,
तोच का हा?
नव्हे, म्हटलं, न वेगळा, ण वेगळा.
हे ओहोटीला आपसूक उघडतं, भरतीला मिटतं.
माणसाचं तसं नसतं, असंही म्हणणार होतो,
पण इंग्रजीत वाक्य जुळेना
आणि पुढची मुलं लांब गेली होती.

कापणीला आलेले झारखंडचे सहाजण
विळे थांबवून बघत राहिले.
तुम्ही कुठले?
जिथं काम, तिथले.
असा रकाना फॉर्मवर नव्हता.
‘इतर’मध्ये टाका, हॅलम सर म्हणाले.

दुसरा दिवस घरांचा.
चाळीस घरं, कुलुपं सव्वीस.
बंद घर करड्या रंगानं रंगवायचं ठरलेलं.
दुपारी करडी पेन्सिल संपली.

पिएदाद माय बालकांवात सुंगटं सोलत होती.
रकाना चौथा: घरात माणसं किती?
‘पांच.’
एक खुर्ची. एक कप. एक मांजर, तेही शेजाऱ्याचं.
बेथनीची पेन्सिल हवेत.
माय, मी पुन्हा विचारलं, राहतात किती?
‘रावतात तें वेगळें. तुवें मनशां विचारलीं.’
आणि बोटांवर मोजली तिनं:
कायतान, सून लुर्द, दोन नातवंडं,
शेवटी अंगठा, ती स्वतः.
असतात कुठे?
स्विंडनला. अर्धा गाव तिथंच.
आता फेस्तसुद्धा तिथं करतात म्हणे.

बेथनी कानापर्यंत लाल झाली.
काहीतरी पुटपुटली.
मी भाषांतर केलं: ही तिथलीच.

म्हातारीनं हात फ्रॉकला पुसले,
जवळ येऊन तिच्या केसांना बोटं लावली,
तिकडची हवा कशी आहे
ते चाचपून बघावं तशी.
रातपाळीहून परतताना रस्त्यात दिवे असतात का?
असतात.
थंडीत माणसाचे कान दुखतात का?
दुखतात.
धाकटा घरात कुठली भाषा बोलतो?
यावर बेथनी माझ्याकडे बघत राहिली.

मग फॉर्म पालथा घालून तिनं नकाशा काढला.
गोदाम, बसथांबा, चिप्सचं दुकान,
एका मोठ्या गोलाभोवती पाच लहान गोल.
इथं आम्हीसुद्धा चुकतो, म्हणाली.
माय हसली. दात तिचेही दोनच, पण हसली.

संध्याकाळी माझ्या वर्गात आलेख चालू होते.
सर, चौथ्या रकान्यात पाच लिहू की एक?
मी हजेरीपट काढला.
अकरातले तिघे जूनपासून नाहीत.
नावं खोडलेली नाहीत मी,
रोज हाक मारतो, थोडं थांबतो,
पुढचं नाव घेतो.
ते इंग्रजीत सांगितलं. कितपत पोचलं कोण जाणे.
ती पटाकडे बघत बसली,
रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी फेरी सुटायच्या बेतात असताना
पिएदाद माय धावत आली.
मिस्कुटाची बाटली, चार पिशव्यांत गुंडाळलेली,
आणि वर पत्ता म्हणून
बेथनीचाच नकाशा चिकटवलेला.

तेल गळेल, हॅलम सर म्हणाले.
मायनं विचारलं, कितें म्हणटा तो?
काही नाही, मी म्हटलं.
पोचेल म्हणतो.